एका पातेल्यातली दोघं

गडचांदूर, ९ जुलै १९९९

ती. गोकुळाबाईस, धाकटा भाऊ गुणवंत पाया पडून कळवतो की इकडे सगळे ठीक, फक्त मांजर ठीक नाही.

काल भुरीला घेऊन चंद्रपूरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने फी घेतली नाही. पण खरा खर्च ऐक. टायरचं दुकान दिवसभर बंद, एसटीत ती झोळीतून निसटली म्हणून कंडक्टरची बोलणी, माझी बोटं ओरबाडलेली, आणि आल्यापासून दामिनी बापाशी बोलत नाही.

भुरी चौकटीला धडकते. डॉक्टर म्हणाला, मांस-मासळी मिळत नाही म्हणून डोळे चाललेत. गेलेली नजर येणार नाही, राहिलेली वाचवायची तर आजच मासळी सुरू करा. आता तुला ठाऊकच आहे, दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायकोने माळ घातली, तेव्हापासून घरात अंडंही येत नाही. मी तर गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो की माझ्याकडे कुत्र्या-मांजरानेसुद्धा माळ घातली आहे. दामिनी विचारते, माळ घालताना भुरीले कोनं विचारलं होतं? रंजीता म्हणते, चुलीवर मासळी चढली की मी माहेरी.

पण बाई, माझं कोडं वेगळंच आहे. भुरीला ट्रकांच्या भीतीने घरातच ठेवतो. टायगर कुत्रा मोकळा असतो, पण खातो त्याच पातेल्यातला वरण-भात, आणि अंग कसं तेल लावल्यासारखं चमकतं. एकाच पातेल्यातून एक आंधळी अन् एक पहिलवान, असं कसं? मला वाटतं डॉक्टरच चुकला. तुम्ही तळ्यावरची माणसं, जनावरं जास्त पाहिलेली. तू सांगशील तसं करीन.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
गुणवंत

आरमोरी, १६ जुलै १९९९

चि. गुणवंतास पोटभर आशीर्वाद. अक्षर तुह्या भाच्याचं, सुरेंद्रचं, बोलनं माहं.

तुही चिठ्ठी ऐकून तुहे भाऊजी हसता हसता खालीच बसले. म्हनतात, मांजरीनं माळ घातली तं तिले टाळबी घेऊन दे.

मलेबी नवल वाटलं, म्हनून इथी पाह्यलं. दोन वाट्या मांडल्या. एकीत दूध-भात, दुसरीत भातात उकडलेली मासोळी कुस्करून. कुत्र्याले सोडलं, त्यानं दोन्ही चाटून साफ केल्या. मंग पुन्हा भरून मांजरीपुढं ठेवल्या. तिनं वरचं दूध पेलं, भाताले हुंगून पाठ फिरवली अन् दुसरी वाटी पुसून काढली. कुत्र्याचं कशावरबी भागते, मांजरीचं भागत नाई. डॉक्टर मले तं खोटा वाटत नाई.

अन् टायगर दुपारी कुठी रायते, हे तू कधी पाह्यलं का? पन ते मागून पाह्य, तिचे डोळे थांबून राह्यले नाईत. आधी मासोळी दे. नुसत्या पान्यात उकड. मीठ-तिखट, कांदा-लसूण नोको, काटे काढून टाक. रंजीताले काऊन तरास देतो? दुकानामागं तीन विटा मांड.

दामिनीले मुका. जीव लावत राह्य.
गोकुळा

गडचांदूर, ३ ऑक्टोबर १९९९

ती. बाईस गुणवंताचा दंडवत.

विटा मांडल्या. पातेलं वेगळं, आणि आंघोळ केल्याशिवाय घरात पाय नाही, या रंजीताच्या अटी. रोज सकाळी मी, माळकरी माणूस, टायरांच्या मागे बसून मासळीचे काटे काढतो. गावाला वास गेलाच. मांजरीसाठी आहे म्हटलं की गिऱ्हाइकं डोळा मारतात. एकाने तर पुढच्या वेळी मांजरीसोबत मलेबी जेवाले बोलावजा असं सांगून ठेवलं आहे. दोन वर्षांत कमावलेलं नाव एका पातेल्यात उकळून गेलं.

पण भुरीचे केस दाट झाले. डॉक्टरने पुन्हा डोळे पाहिले. जुलैत होती तेवढी नजर अजून शाबूत आहे, कमी झालेली नाही. अंधारात अजून धडकते. वाटीपाशी मात्र सरळ येते. दामिनी पुन्हा बापाशी बोलते, जास्तच बोलते.

भाऊजींना नमस्कार. रागावायला तुझ्यावाचून कोणी नाही, तेव्हा रागावत राहा.

तुझा,
गुणवंत

ता. क. परवा दुपारी टायगरच्या मागे गेलो. तो थेट भैयाजीच्या ढाब्यामागे जाऊन बसला. भैयाजी म्हणाला, भाऊ, तुमाले मालूम नव्हतं का? टायगर दोन वर्षांपासून इथी रोज कोंबडी खाते.