लारासला कोण धरतं

मुंतिलान
४ ऑगस्ट १९८७

चि. सौ. तितिस हिस बुधेमावशीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईच्या शंभराव्या दिवसाची प्रार्थना नीट पार पडली. भात कमी पडला, कारण शेजारची म्बोक गिनेम डबे घेऊन जेवायला आली होती. तिला बोलले, तर म्हणते, पार्तिनी असती तर डबे स्वतः भरून दिले असते. मेलेल्या माणसाची साक्ष काढायला तिला फार आवडतं.

तू विचारलंस की आजी गेल्यापासून लारास अंथरूण ओलं करते का. मुळीच नाही. ती तुझ्यावर गेलेली नाही. ती सवय जावी म्हणून पकडलेले चतुर किडे तुझ्या बेंबीला चावायला लावले, तरी तुझी चटई कधी वाळली नाही.

पण एक गोष्ट लिहायला हवी. पार्तिनी तिला पहाटे आणि दुपारी परसातल्या फणसाखाली शूला धरायची, हे तुला माहीत आहेच. आधी झाडातल्या वडीलधाऱ्यांना सांगायची की म्बाह, जरा सरकून बसा, नातीला शू करायची आहे. मग पोरीची पाठ पोटाशी घेऊन, मांड्यांखाली हात घालून, तिच्या मानेशी स्स्स् करायची. आता वेळ झाली की पोर आपली आपणच तिथे जाते. मागे रेलते आणि दोन्ही पाय उचलते. मागे कोणी नसतं. झाडही हातभर लांब आहे. पण ती पडत नाही.

लहान मुलांची हाडं लवचीक असतात, असं माझं मत आहे. गिनेमचं मत आहे की पार्तिनीच धरते. ती झाडाखाली फुलं ठेवून जाते, मी ती उचलून तिच्याच अंगणात टाकते. सिस्टरांच्या शाळेत शिकले, तिथेच जन्मभर शिकवलं, आता उतारवयात मला भुताखेतांचे धडे नकोत. झाडाखाली स्स्स् आवाज येतो म्हणतात. येतो, नाही कशाला म्हणू? गिनेमची बदकं फुत्कारतात.

दार्मो जावयांचं जहाज कुठे आहे, ते कळव. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी,
बुधे वुर्यानी


सुराबाया
९ सप्टेंबर १९८७

ती. बुधेमावशीस तितिसचा सा. न. वि. वि.

लारासला घेऊन आले, त्या दिवशी तुम्ही बसपाशी रागावून उभ्या होतात. कंपनीने खोली दिली, म्हणून पोर जवळ आणता आली, एवढाच माझा आनंद होता. तो आता उरलेला नाही.

लारास शू करत नाही. दिवसभर दाबून ठेवते. पोट दगडासारखं होतं, हात लावू देत नाही. मग झोपेत थोडी सुटते, तीही रडत. कागदी लंगोट आणले, ते कोरडेच राहतात. मागच्या आठवड्यात ताप चढला. दवाखान्यात नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, आत काही बिघाड नाही, पण असंच चाललं तर मूत्रपिंडं खराब होतील. मी तुम्ही शिकवलेलं सगळं करते. नळ सोडते, शीळ घालते, स्स्स् करते. ती माझ्या तोंडावर हात ठेवते आणि सांगते की हे तू नको करूस, म्बाह करते.

म्बाह आजी कुठे आहे, असं विचारलं तर म्हणते, झाडाखाली, वाट बघते.

मावशी, मी नोकरी सोडून तिला परत आणू का? दार्मोच्या पगारात भागणार नाही, पण पोर तरी वाचेल. लवकर लिहा. मला धीर तुमचाच आहे.

तुमची,
तितिस


मुंतिलान
१४ सप्टेंबर १९८७

चि. तितिस हिस आशीर्वाद. वि. वि.

नोकरी सोडायची नाही. तुझ्या आईने तुला शिकवलं, ते काय परत चुलीपाशी येऊन बसायला? कागदी लंगोट फेकून दे. ज्या बाईला पोर धरून उभं राहण्याएवढा वेळ नाही, तिच्यासाठी ते काढलेत. पहाटे आणि दुपारी, ठरल्या वेळी, शू लागो न लागो, तिला धरायचं. तोंडाने काही करू नकोस. नुसती धर.

आता पुढचं वाच आणि कोणाला दाखवू नकोस. पोर गेली, तरी फणसाखालचा आवाज थांबला नाही. गिनेमने बदकं विकली, म्हणजे तीही नव्हेत. रोज पहाटे आणि दुपारी, स्स्स्, मग थांबायचं, मग पुन्हा. एखादी बाई रिकामे हात घेऊन उभी असावी, तसं. इकडे ती थांबली आहे आणि तिकडे पोरीचं पोट फुटायला आलंय, हे तुझं पत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. आणि मी संतापले.

काल पहाटे गेले झाडापाशी. चांगली झापली तिला. म्हटलं, पार्तिनी, तुला जन्मात कधी बसची वेळ कळली नाही, मेल्यावरही तेच. पोर सुराबायाला आहे. मग तिला तुझा पत्ता, गल्ली, खोलीचा नंबर, दाराचा रंग, सगळं मोठ्याने सांगितलं. गिनेम कुंपणावरून ऐकत होती. ऐकू दे.

काय होतं ते ताबडतोब कळव. जीव टांगणीला आहे.

तुझी,
बुधे


सुराबाया
२१ सप्टेंबर १९८७

ती. बुधेमावशीस सा. न. वि. वि.

झाली. तुमचं पत्र हातात पडायच्या आधीच झाली.

पंधरा तारखेच्या पहाटे मी तिला न्हाणीत नेलं आणि दार लावायला वळले. मागे बघते तर ती रेलली होती, पाय उचललेले, हवेतच. माझे हात अजून कडीवर होते. मग तो आवाज आला. मी केला नाही, मावशी. नळ बंद होता. आणि पोरीची धार लागली, केवढी, थांबेचना. ती हसत होती. मी उंबऱ्यात बसून रडले.

तेव्हापासून दोन्ही वेळा नीट करते. ताप नाही. डॉक्टर खूश आहेत, माझी पाठ थोपटली. मला मात्र न्हाणीत एकटीला जायची भीती वाटते. स्वतःच्या आईची भीती वाटावी, याची लाज वाटते. फादरना बोलावून पाणी शिंपडून घेऊ का? तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
तितिस


मुंतिलान
२६ सप्टेंबर १९८७

चि. तितिस हिस आशीर्वाद. वि. वि.

फादरना मुळीच बोलवायचं नाही. न्हाणीत जाताना आई, जरा सरक, एवढं म्हण आणि जा. तिने तुला पाच वर्षांची होईपर्यंत धरलंय, तुझं काही बघायचं राहिलेलं नाही.

पंधरा तारखेपासून इथे आवाज नाही. पहाटे मी परसात जाऊन उभी राहते. दुपारीही जाते. पानं पडतात, एवढंच. गिनेमने पुन्हा फुलं ठेवली होती, या वेळी मी ती तशीच राहू दिली, पण त्यांनीही काही होत नाही.

मी तिची थोरली बहीण. एका चटईवर वाढलो. तिचा नवरा गेल्यापासून एका छताखाली राहिलो. पत्ता तिने माझ्याकडून घेतला, आणि जाताना मला सांगूनही गेली नाही. काय म्हणावं अशा बाईला?

लारासला हळूहळू एकटीने बसायची सवय लाव. घाई करू नकोस, पण लाव. ती शिकली की तुझ्या आईचं तिथे काही काम नाही. मग तिला सांग की वुर्यानी घरी एकटी आहे. बसची वेळ मी कळवीन.

मला विसरू नका, कोणीच.

तुझी,
बुधे वुर्यानी