यादीत नसलेलं घर

प्रिय गुमीबाई,

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि मला त्याशिवाय दुसरं काही धड येत नाही. म्हणून हे पत्र. कोण वाचून दाखवणार तुला, ते देवाला ठाऊक.

मास्तर शाळेत गेलेत. ऊन उंबऱ्यापर्यंत आलंय. पुढ्यात दोन वह्या आहेत. एक आपल्या बायकांच्या सभेची जुनी हजेरीवही, तिला वाळवी लागली. दुसरी नंदुरबारहून आलेली, कोरी. जुन्यातली नावं नव्यात उतरवायला बसले होते. चार झाली. पाचवं तुझं. त्यावर आडवी रेघ आहे, माझ्याच हातची, पट्टी लावून मारलेली. पट्टी लावून, गुमी! रागाच्या भरात मारली असती तर निदान वाकडी तरी गेली असती.

परवा बुधवारी नव्या वहीतून पहिली हजेरी घ्यायची आहे. पाळकसाहेब सकाळी येऊन म्हणाले, "कृपाबाई, त्या दिवशी नव्या सुनांना पटकीच्या वर्षाची गोष्ट सांगा. तुमच्या सभेनं गाव कसं तगवलं ते कळू दे त्यांना." दरवर्षी सुगीच्या उपासनेत ते स्वतः ती गोष्ट सांगतात. यादीतलं एकही घर सुटलं नाही, असं म्हणतात, आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघते. खोटं नाहीच ते. यादीतलं एकही घर सुटलं नव्हतं.

मी या गावात आले तो दिवस आठवतो का तुला? मी तापीकाठची, सपाटीवरची. मिशनच्या बोर्डिंगात चार बुकं शिकलेली, आणि मास्तरांशी लग्न लागून तुमच्या डोंगरात येऊन पडलेली. तुमची बोली मला कळेना, माझी अहिराणी तुम्हाला उमगेना. तू मात्र नवापूरच्या बाजारात टोपल्या विकून अहिराणी शिकली होतीस. मी नाल्यातून घागर आणताना पाय घसरून पडले, तेव्हा सगळ्या बाया बघत राहिल्या आणि तू पाण्यात उतरलीस. "मास्तरीन, आठे पाय नको ठेवू, शेवाळ शे," म्हणालीस. या गावात मला समजलेलं ते पहिलं वाक्य.

आणि माझी थोरली! पायाळू आली ती. नाल्याला पूर, नवापूरला जायला वाट नाही. तू रात्रंदिवस माझ्यापाशी बसलीस. तुझे हात नसते तर आज ना ती असती, ना हे पत्र लिहायला मी.

सभा माझ्या हाती आली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. अक्षर बरं म्हणून मिशनच्या मडमबाईंनी वही माझ्याकडे दिली, आणि मला जणू राज्य मिळालं. हसतेस ना? हस. दर बुधवारी दुपारी चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा मी स्वतः वाजवायची. कोणी आजारी, कोणाकडे बाळंतपण, कोणाकडे मयत, कुठल्या घरी कोणी जायचं, सगळं ठरलेलं. प्रत्येकीनं रोज चूल पेटवताना तांदळाची एक मूठ प्रभूसाठी वेगळ्या गाडग्यात टाकायची आणि बुधवारी आणायची. हजेरीत नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं नाही, शास्त्रातलं एक वचन म्हणायचं. मडमबाई वर्षातून दोनदा बैलांच्या दमणीतून येत आणि वही बघत. "किती स्वच्छ वही!" म्हणत. त्या शब्दावर मी सहा महिने काढायची.

तुझं वचन एकच. सगळ्या शास्त्रात सर्वांत लहान, दोन शब्दांचं. मित्राच्या कबरीपाशी प्रभूच्या डोळ्यांना पाणी आलं, ते. दर बुधवारी तेच! बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"गुमी, वर्ष झालं. पोपटसुद्धा दोन गोष्टी बोलतो," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"माले तेवढंच ध्यानमा ऱ्हास, मास्तरीन," तू म्हणालीस आणि त्यांच्याबरोबर हसलीस.

मग तुझी झिनी तापली. नवरा आधीच गेलेला, तुला ती एकुलती एक. सभेनं तीन दिवस पाळीपाळीनं तुझ्या घरी प्रार्थना केली. पाळ्या अर्थातच मी लावल्या होत्या. चौथ्या दिवशी पोरीला पाठीशी बांधून तू टेकडीपलीकडच्या भगताकडे गेलीस. त्यानं दोरा बांधला. सहाव्या दिवशी झिनी गेली.

भगताकडे गेलेल्यानं मंडळीपुढे उभं राहून चूक कबूल करायची, तोवर बाहेर, असा वडीलधाऱ्यांचा नियम. तुझ्याशी बोलायला त्यांनी मला पाठवलं. पोरीला माती देऊन आठ दिवस झाले नव्हते, आणि मी तुझ्या अंगणात बसून नियम सांगत होते. तू टोपली विणत होतीस. मान वर केली नाहीस.

"मी काय पाप करं? मन्ही पोर मरी ऱ्हायनी व्हती. जे दार दिखनं तठे गऊ. तुन्ही पोर ऱ्हाती तं तू काय करती?"

या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, आठवतं? "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा," असं म्हणून मी उठले. घरी आले, पट्टी घेतली आणि रेघ मारली. वडीलधाऱ्यांनी प्रभुभोजनापुरतं बाहेर ठेवायला सांगितलं होतं. सभेच्या वहीतून नाव काढायला मला कोणीही सांगितलं नव्हतं, गुमी. मडमबाईंची फेरी महिन्यावर आली होती. वही स्वच्छ हवी होती.

तरी तू येत राहिलीस. आत नाही, चिंचेखाली बसायचीस. मी चौथं नाव घेऊन सरळ सहावं घ्यायची, आणि मधल्या त्या फटीत बाहेरून तुझे दोन शब्द ऐकू यायचे. कोणी हाक न मारता! मला राग यायचा. एकदा तर मी खिडकी लावून घेतली. सभा सुटली की दाराशी पळसाच्या पानात बांधलेले तांदूळ असायचे, तुझ्या आठवड्याच्या मुठी. ते मात्र मी उचलून प्रभूच्या मडक्यात ओतायची. तुझं नाव चालत नव्हतं, तुझे तांदूळ चालत होते.

पटकी आली ती उन्हाळ्याच्या शेवटी. विहिरी तळाला गेलेल्या. पहिल्या दिवशी तीन मेली, दुसऱ्या दिवशी पाच. पुरुष कबरी खणत होते. मी रूळ वाजवला आणि सगळ्यांना जमवलं. पाणी उकळायचं, प्रभूच्या मडक्यातल्या तांदळाची, मीठ घातलेली पातळ पेज करायची, सकाळ-संध्याकाळ घरोघर जाऊन घोटाघोटानं पाजायची. बारा बाया, सहा जोड्या. घरं वाटून द्यायला यादी हवी होती. मी हजेरीवही उघडली आणि तिच्यावरून यादी केली. ज्या घरातली बाई वहीत नव्हती, पण सून किंवा सासू होती, ते घर आलंच. जिच्या घरी दुसरं कोणी नव्हतं अशी वहीबाहेरची बाई गावात एकच होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, हे मी आजवर स्वतःला सांगत आले. यादी केली त्या पहिल्या दिवशीपुरतं ते खरंही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी होनूबाई धापा टाकत आली. आपली होनूबाई, तुझ्या शेजारच्या वाडीतली, सभेत येऊन अहिराणी शिकलेली. मी चुलीवरच्या हंड्यापाशी उभी होते.

"मास्तरीन, गुमीना घरमाईन कालदिनफाईन धूर नही निंघना." कालपासून तुझ्या घरातून धूर नव्हता, म्हणजे चूलच पेटली नव्हती.

मी काय म्हणाले ते आता लिहिते. वीस वर्षांत हे कागदावरही आणलेलं नाही. मी म्हणाले, "ती यादीत नाही. आधी यादीतली घरं होऊ दे."

होनूबाई म्हणाली, "तं मी जासू का? जराशी पेज दी येस."

मी म्हणाले, "तुझ्याकडे पाच घरं आहेत. ती कोण करणार? शिस्त मोडली की सगळंच मोडतं."

ती बिचारी माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. त्या दिवशी तरी जायचं होतं तिनं! बघ, अजूनही तिच्यावर ढकलतेय.

यादी पूर्ण व्हायला आणखी दोन दिवस लागले. पाणी आणायला जाताना रोज तुझ्या अंगणावरून जात होते मी. दार लोटलेलं दिसायचं. मी चाल जरा वाढवायची.

चौथ्या दिवशी दार ढकललं. तू पाण्याच्या माठापर्यंत सरपटत आली होतीस. माठ आडवा पडलेला, आत थेंब नाही. हात माठाच्या तोंडात होता. सगळ्या गावाला मी पाणी पाजत होते आणि तू पाण्यावाचून गेलीस. किती वेळ लागला गं तुला? हाका मारल्यास का? कोणाला मारल्यास?

चुलीशेजारी तुझं छोटं गाडगं होतं. त्यात त्या आठवड्याच्या तीन मुठी होत्या. गावाला पाजलेल्या पेजेत तुझ्या आधीच्या मुठी शिजल्या होत्या.

कफनाचं कापड संपलं होतं, म्हणून माझ्या लग्नाच्या लुगड्यात तुला गुंडाळलं. बाया म्हणाल्या, केवढं मन कृपाबाईचं! आणि मी ते ऐकून घेतलं. कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर तुला पुरलं, झिनीपासून दूर. तिथंही मी बोलले नाही.

पाळकसाहेबांनी विचारलं, "ती आजारी असल्याचं कोणाला माहीत होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

होनूबाई माझ्या शेजारी उभी होती. तिनं खाली बघितलं. त्यानंतर इतकी वर्षं ती दर बुधवारी आली, नाव घेतलं की वचन म्हणायची, आणि माझ्या डोळ्यांना डोळा कधी द्यायची नाही. मी तिला पुढच्या रांगेत बसवायची, सणाला तिच्या घरी आवर्जून जायची. लाच होती ती, दुसरं काय? या पावसाळ्यात होनूबाई गेली. माती टाकताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? सुटले. हेच आलं, गुमी. तिच्या कबरीवर उभं राहून मी सुटकेचा श्वास घेतला. मग घरी येऊन आरशात बघवेना.

एक तक्रार माझीही आहे. तू कबुली का दिली नाहीस? चार शब्द तर होते! मास्तरीणबाईचं तोंड बंद करायला खोटं म्हणून टाकायचं होतंस. आम्ही सगळ्याच म्हणतो, रविवारी रविवारी. पण तुला एकच गोष्ट ध्यानात राहायची, आणि ती खरी असायची. तुझ्यापुढे माझी पाठ केलेली शंभर वचनं कोरडी पडतात.

परवा मी गोष्ट सांगणार आहे. पाळकसाहेब सांगतात ती नाही. होनूबाई काय म्हणाली, मी काय म्हणाले, माठ कसा आडवा होता, सगळं त्या नव्या सुनांपुढे, वडीलधाऱ्यांनाही बोलावून. उभं राहिल्यावर काय होईल कोण जाणे. वही माझ्याकडून काढून घेतील. घ्यावी. माझ्या नावावर रेघ मारतील, तर मी चिंचेखाली येऊन बसेन. तिथली जागा तुझ्या बसण्यानं ओळखीची आहे. तुला कुंपणाच्या आत, झिनीशेजारी आणायचं मागणंही तेव्हाच घालणार आहे. ऐकतील की नाही, माहीत नाही. आणि पुढं कधी रोगराई आली तर यादी वहीवरून करायची नाही, सकाळी टेकाडावर उभं राहून करायची. ज्या घरातून धूर नाही, ते घर पहिलं. एवढं त्या पोरींकडून वदवून घेणार आहे.

हे लिहिता लिहिता नव्या वहीत पाचवं नाव उतरवलं. गुमी. पट्टी न लावता, जरा वाकडंच आलंय. बुधवारी चौथ्या नावानंतर मी ते मोठ्यानं घेणार. तुझं वचन तुझ्या जागी मी म्हणणार नाही, तो हक्क मी घालवला. दोन शब्द म्हणून व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ फक्त थांबेन. खिडकी उघडी ठेवेन. मग सहावं नाव.

जिनं ती यादी केली ती,
तुझी मास्तरीण,
कृपा