खळ्यावरचा बॅले

आयु. अल्काताईस,

धाकट्या रत्नपालचा सविनय जयभीम. इकडे सगळे बरे आहोत, तुझ्या गुडघ्यांचं कळव. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. मन ठिकाणावर नाही. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो.)

याला कारण तूच. शाळाशाळांत बॅले दाखवत फिरणाऱ्या नागपूरच्या दिव्या मॅडमना आमच्या शाळेचा पत्ता तूच दिलास. आता आमची अकरा वर्षांची खुशबू दर रविवारी त्यांच्या वर्गाला नागपूरला जाणार म्हणून हटून बसली आहे. मी नाही म्हणालो. महिनाअखेरीपर्यंत मॅडमना कळवायचं आहे.

झालं असं. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, सिमेंटवर उड्या मारल्या की पाय कामातून जातात, जागा सपाट पण जरा मऊ हवी. मी मुख्याध्यापक असलो तरी धानाच्या गावातला माणूस. सपाट आणि मऊ म्हटल्यावर मला धान मळायचं खळंच आठवलं. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बायजाबाईंनी मैदानात माती टाकून, चोपून, शेणानं सारवून असं खळं केलं, की बघत राहावं. इथवर ठीक होतं. पण पाहुणे येणार म्हणून त्या माउलीनं कार्यक्रमाच्या सकाळी आणखी एक ताजा हात फिरवला. (पाहुण्यांना शिळं सारवण बरं दिसत नाही, हे मलाही पटलं होतं.)

संगीत सुरू झालं. मॅडम पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहिल्या. बायजाबाई माझ्या कानाशी, "टाच काऊन टेकवत नाही जी गुरुजी? काटा रुतला असन." मी समजावायला तोंड उघडतो तोच मॅडमनी पहिली गिरकी घेतली आणि खळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसल्या बसल्या गेल्या. गुलाबी बूट हिरवे झाले. सगळं गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

खुशबू हसली नाही. धावत जाऊन तिनं चुलीची राख टोपलीभर आणली, खळ्यावर पसरली आणि मॅडमना हात दिला. मॅडमनी तो सोडलाच नाही. तिला शेजारी उभं करून, मान कशी, पाठ कशी ते दाखवत त्यांनी नाच पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. घरात जिला पाण्याचा गुंड न सांडता आणता येत नाही ती माझी पोरगी टाचा उचलून उभी राहिली आणि जराही हलली नाही. ताई, मला भीती वाटली. ती आता आमच्यापाशी राहायची नाही असं वाटलं.

तेव्हापासून शाळा बिघडली आहे. पोरं खिचडीच्या रांगेतही चवड्यांवर. परवा केंद्रप्रमुख परिपाठाला आले, तर दीडशे मुलं टाचा उचलून उभी. त्यांनी शेरा लिहिला, 'विद्यार्थ्यांची उंची समाधानकारक'. घरी खुशबू आलमारी धरून पाय उचलते आणि माझ्याशी बोलत नाही.

तरी तू मॅडमना माझ्या वतीनं स्पष्ट नकार कळवावास. मला ते जमायचं नाही.

तुझा,
रत्नपाल

ता. क. नकार अजून कळवू नकोस.

ता. क. २. पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन तुझ्याकडे नागपूरला येतोय. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो की आलमारी हलते का तेवढं बघून परततो, म्हणून आधी तुला लिहिलं.

ता. क. ३. त्या बुटांचं दुकान पाहून ठेव. आजवर तिला सगळं वाढत्या मापाचं घेत आलो, दोन वर्षं पुरावं म्हणून. मॅडम म्हणतात, हे बूट पायाला नेमकेच लागतात. नेमकेच घेऊ. पाय वाढले की पुन्हा घेऊ.