जखमीस चाचणी माफ

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
महाविद्यालयीन शिक्षण,
विभागीय कार्यालय.

विषय : चाचणी महिन्यातून एकदाच घेण्याबाबत, आणि जखमींची माफी उद्या सकाळी अकराच्या आत रद्द करण्याबाबत.

संदर्भ : प्राचार्यांची परिपत्रके क्र. ४, ९ व ११.

महोदय,

१. अर्जदार रसायन प्रयोगशाळेत एकवीस वर्षे परिचर असून प्रथमोपचाराची पेटी व तिची नोंदवही त्याच्याच ताब्यात असते. पूर्वी चाचणी महिन्यातून एकदा होई. तेव्हा वहीत वर्षाला सात-आठ जखमा, त्याही फुटलेल्या काचनळीच्या. मुले नापास होत, पण धडधाकट नापास होत.

२. परिपत्रक ४ अन्वये चाचणी रोज सुरू झाली. "घासल्याशिवाय भांडं चमकत नाही," असे प्राचार्य म्हणाले. येथे वर्गात मार्कांच्या क्रमाने बसवण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे बाक रोज बदलू लागले आणि पुढच्या बाकासाठी रोज मारामारी. पहिल्या आठवड्यात कंपासचे टोक खुपसल्याच्या नोंदी नऊ, फुटलेले ओठ चार, कान एक (अर्धा).

३. त्यावर दयाबुद्धीने परिपत्रक ९ निघाले : ज्याची जखम नोंदवहीत असेल, त्यास त्या दिवशीची चाचणी माफ. इथेच घोडे पेंड खाते. दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच पेटीपुढे रांग. जोड्या ठरलेल्या, तू मला हाण, मी तुला हाणतो. "नाकावर नको रे, रविवारी ताईचं लग्न आहे," हे अर्जदाराने स्वतःच्या कानांनी ऐकले.

४. खरचटलेले फार झाले म्हणून परिपत्रक ११ आले : टाके पडले अथवा हाड मोडले तरच माफी. त्या आठवड्यात जिन्यावरून ढकलून घेतलेले सहा, विटेने ठेचलेली बोटे तेरा. गणिताचे प्राध्यापक सोडवायला मध्ये पडले, तर त्यांचाच खांदा निखळला. "सरांनाही माफी!" म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या. एका दांडगटाचा ओरखडा नोंदवण्यास अर्जदाराने नकार देताच त्याने पेटीच अर्जदाराच्या डोक्यात घातली. टाके पाच. नोंद अर्जदारानेच केली. नियम तो नियम.

५. आता खरे दुखणे. अर्जदाराची मुलगी याच वर्गात आहे. हुशार आहे, पण सलग छत्तीस चाचण्यांनंतर कोरा कागद पुढे आला की तिला स्वतःचे नावही लिहिता येत नाही. परवा ती प्रयोगशाळेत आली, उपकरणांच्या लोखंडी कपाटाच्या फटीत उजव्या हाताची बोटे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, दार लावा ना. माझ्याच्यानं जोरात लागत नाही." अर्जदाराने एकवीस वर्षांत पहिल्यांदा वहीत खोटे लिहिले : 'उजवी तर्जनी, हाड मोडले.' आणि धडक्या बोटाला पट्टी बांधली.

६. कोणीतरी चहाडी केली. उद्या अकराला पडताळणी समिती पट्टी सोडून तिचा हात पाहणार आहे. नोंद खोटी निघाली तर मुलीचे नाव पटावरून कमी होईल. "मी खरे काय ते सांगून टाकतो," असे अर्जदार म्हणाला, तर पोर म्हणाली, "कशाला? अकराच्या आत नोंद खरी करता येते की." हे ती हसत म्हणाली, तसा अर्जदार पेचकस शोधायला उठला.

७. सबब विनंती की, हाच कबुलीजबाब समजून शिक्षा एकट्या अर्जदारास व्हावी, समितीस आजच फोन जावा आणि तिन्ही परिपत्रके मागे घ्यावीत. मुलांना काय येत नाही हे महिन्यातून एकदा कळले तरी आभाळ कोसळत नाही.

अकराच्या ठोक्याकडे कान लावून बसलेला,
आपला नम्र अर्जदार,
(सही)
परिचर, रसायन प्रयोगशाळा
दिनांक : चाचणी क्र. ३८ चा दिवस

सोबत :
१) नोंदवही. (काही पाने रक्ताने चिकटली आहेत, ओढू नयेत.)
२) परिपत्रकांच्या प्रती.
३) कपाटाचे लोखंडी दार, बिजागऱ्यांसह, नग एक. आपल्या आवक टेबलाशेजारी भिंतीला टेकवून ठेवले आहे. महाविद्यालयात अजून एकशे बारा दारे आहेत. ती उद्या अकरापर्यंत एकट्या अर्जदाराच्याने निघणार नाहीत.