संध्याकाळचं निळं पाणी

आप्पा, औशाच्या घरात तुम्ही ठेवलेल्या माशांच्या पेटीची वही माझ्याकडं आहे. ती वाचून मला आता तुमचाच संशय येऊन राहिलाय.

तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी तुमची, त्यामुळं पाण्याची आम्लता तपासायच्या थेंबांची बाटली घरी असायचीच. रोज सकाळी तुम्ही पेटीतलं वाटीभर पाणी घेता, त्यात थेंब टाकता, पाणी हिरवट होतं, म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी मात्र शाळेतून आल्यावर पुन्हा बघितलंत, तर पाणी निळंशार. सोडा पडल्यावर होतं तसं. आई मोरीत सोडा घालून धुणं धूत होती. "सोड्याचे हात पेटीत कशाला घातलेस?" तुम्ही घरी आलेल्या आत्यासमोर विचारलंत. "म्या न्हाई घातले," ती म्हणाली. मग तुम्ही मला विचारलंत, "हिनं हात घातले ना पेटीत?" मी नुकताच बाहेरून खेळून आलो होतो. तुमचा चेहरा बघून मी हाव म्हणालो. आईनं उरलेलं धुणं पिळायला घेतलं. त्यानंतर तिनं त्या काचेवरची धूळसुद्धा कधी पुसली नाही.

तुमच्या माघारी आता ती नांदेडला माझ्याकडं असते. मीही पेटी ठेवलीय, तुमच्यासारखीच पाणझाडांनी गच्च भरलेली. मागच्या महिन्यात मीटरवर सकाळी पीएच साडेसात, संध्याकाळी सव्वाआठ. दिवसभर घरात आई एकटीच, म्हणून सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं, पेटीत काय घातलंस. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "बापावरच गेलास की." लाज वाटली. रविवारी पेटीसमोर खुर्ची टाकून तासातासाला मोजत बसलो. कोणी हात लावत नव्हतं, तरी आकडा चढत होता. उजेडात झाडं पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खातात, पाण्यातली आम्लता कमी होते, पीएच वर जातो. अंधार पडला की झाडांच्या अन् माशांच्या श्वासानं तो पुन्हा खाली येतो. एवढंच होतं ते.

हे तुम्हाला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. त्या भांडणानंतर आई आठवडाभर कंधारला माहेरी गेली होती. त्या आठवड्यात तुम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजलंय, आणि आई घरात नसताना रोज तोच चढउतार. पुढं वही संपेपर्यंत फक्त सकाळी सातची नोंद. म्हणजे कळलं होतं तुम्हाला. कळूनही तिला एका शब्दानं बोलला नाहीत, याचा मला लई राग येतो.

काल वही तिच्यापुढं ठेवली. चष्मा लावून तिनं पानं उलटली, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "त्यांचं ऱ्हाऊ दे. त्यांनी निळं पाणी तरी बघितलं होतं. तू काय बघितलं होतंस?"

मी काहीच बघितलं नव्हतं, आप्पा. हा कागद या वहीतच ठेवणार होतो, पण ती आता वही उघडून बघते. तिला मी सांगितलंय, मला त्या दिवसाचं काही आठवत नाही.