बाबांच्या गाडीचा फिल्टर

१४ जानेवारी २००८, सोमवार

गाडी पुन्हा ऑइल खाऊन राहिली! बाबांनी सकाळी ऑइल मोजायची डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. मग डबा काढून ऑइल ओतलं. मागच्या आठवड्यातही ओतलं होतं. आईनं विचारलं तर म्हणाले, थंडीमुळं होते तसं. थंडीनं ऑइल कमी होत नाही. हे मला कळतं. त्यांना तर माझ्याआधी कळतं.

१६ जानेवारी

गंगाधर मिस्त्री घरी येऊन गेले. गल्लीतच आमचा टिप्पर उभा होता. त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं, इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीपुढं तळहात धरला. भकाभका धूर. मग तळहातावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं आणि ते बोट बाबांना दाखवलं. "धूल खा गई है, हरिदास भाई." एवढंच.

हे इंजिन आधीच दोनदा उघडलंय – एकदा आम्ही गाडी घेण्यापूर्वी आणि एकदा मागच्या पावसाळ्यात. आता आत घासून पुन्हा नीट करायला काही उरलं नाही म्हणतात. होळीपर्यंत पाहू, ऑइल असंच जात राहिलं तर गाडी भंगारात.

बाबांनी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. नागपूर-रायपूर, रायपूर-जगदलपूर. ही पहिली गाडी, जिच्या कागदावर त्यांचं नाव आहे. ती गेली तर पुन्हा कोणाच्या तरी दारात ड्रायव्हरकी मागायला जायचं. आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या हातात स्टिअरिंग देणार कोण? घरात हे कोणीच बोललं नाही. आईनं तांदूळ निवडायला घेतले. मी इथं लिहून ठेवते आहे, कारण कुठंतरी बोललं पाहिजे.

१९ जानेवारी

बाबांचा टिप्पर मुरूम वाहतो त्या रायपूरच्या नव्या राजधानीच्या साइटवर अजून रस्ते नाहीतच. जे आहेत ते मुरमाच्या गाड्यांनी पीठ करून टाकलेत. खरंच पीठ – चाक त्यात बुडतं, आणि पुढची गाडी गेली की भर दुपारी दिवे लावावे लागतात. साइटच्या लॅबमध्ये माझं काम मातीच चाळायचं. एकावर एक चाळण्या, वर जाड जाळी, खाली बारीक, सगळ्यात खालची तर कापडासारखी. आज हौसेनं रस्त्यावरची धूळ घालून पाहिली. बहुतेक सगळी शेवटच्या चाळणीतूनही खाली उतरली!

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग एक थैली घेऊन ये. तुह्या आईले म्हणू, पोया कर."

हसले, पण शेवटची फेरी झाल्यावर नेहमीप्रमाणं इंजिनाची हवा गाळणारा फिल्टर काढून गेलेच. बाबांइतकी काळजी कोणी घेत नाही. बाकीचे ड्रायव्हर फिल्टरकडं महिनोन् महिने पाहत नाहीत. बाबा रोज संध्याकाळी तो बाहेर काढतात, टायरवर आपटतात, मग पिशवीत घालून नाक्यावरच्या नरहरी टायरवाल्याकडं नेतात आणि कॉम्प्रेसरची हवा मारून आणतात. दिवेलागणीला जातात ते जेवायच्या वेळी परत. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलंय, माझे बाबा गाडीला रोज आंघोळ घालतात!

२२ जानेवारी

फिल्टरच्या पुढं जी नळी इंजिनात जाते, ती आतून स्वच्छ असली पाहिजे. मी पांढरा रुमाल घालून पुसली. रुमाल लाल निघाला, मुरमासारखा.

बाबा म्हणाले, फिल्टर डुप्लिकेट लागला असंल. दुपारी स्वतः जाऊन कंपनीचा नवा घेऊन आले. ऑटोत मांडीवर धरून आणला, एखाद्या लेकरासारखा.

२९ जानेवारी

नवा फिल्टर असूनही ऑइल ओतावं लागलं.

३१ जानेवारी

आज लॅबमध्ये बोलणी खाल्ली. बारीक चाळणीत माती अडकून बसली होती, म्हणून मी ती टेबलावर आपटली आणि मग ब्लोअर लावला. साहेब धावत आले. म्हणाले, "मोनाली, मारो मत. जाली फैल जाएगी, फिर जो रुकना है वो भी निकल जाएगा."

सॉरी म्हटलं. चाळणी हातात घेऊन बसले, आणि बसूनच राहिले. आपटणं. हवा मारणं. रोज संध्याकाळी!

नाही, असं नसेल.

३ फेब्रुवारी, रविवार

बाबा विहारात वंदनेला गेले होते. मी फिल्टर काढून घरात आणला. वायरला बल्ब जोडून आत सोडला. खोलीत उजेड फार, म्हणून फिल्टर-बल्बसकट गोधडीत शिरले.

आई आली. "काहून वो पोट्टी, अंडे उबवून राहिली का?"

मी हसले नाही. कारण कागदाच्या घड्यांमधून उजेडाचे बारीक बारीक टोचे दिसत होते. एका बाजूला तर चीर होती. काठाचा पत्रा चेपला होता – टायरवर आपटून – त्यामुळं रबर नीट बसत नव्हतं. फिल्टर नवाकोरा! दोन आठवड्यांत ही दशा.

आईला गोधडीत ओढून दाखवलं. टायरात भरायची हवा, तिचा जोर केवढा. हा तर कागद. धूळ अडवायला बसवलेल्या कागदाला बाबा रोज भोकं पाडत होते. मागच्या फिल्टरचंही हेच झालं असणार, आणि त्याच्या मागच्या...

आईनं बल्ब विझवला. मग म्हणाली, "सांगू नोको त्यायले."

"अन् इंजिन?"

"इंजिन लोखंडाचं आहे."

५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी

आजही नाही. खिडकीतून आपटण्याचा आवाज येत होता. धप्. धप्. धप्. मी पुस्तक उघडून बसले होते आणि एक ओळ वाचली नाही.

घरातली पहिली ग्रॅज्युएट! निकाल लागला तेव्हा बाबांनी ड्रायव्हर लोकांना पेढे वाटले होते. कशासाठी शिकले मी? अज्ञान दूर करावं वगैरे वादविवाद स्पर्धेत म्हणायला फार सोपं. समोर आपला बाप असला आणि त्याचं अज्ञान म्हणजेच त्याची माया असली, तर काय म्हणायचं? आणि गप्प बसले तर गाडी होळी पाहणार नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

आधी ठरवलं होतं की कंपनीचा नवीन नियम आलाय असं सांगावं. तोंड उघडलं तर खोटं बाहेर पडेना. म्हटलं, बाबा, एक दाखवायचं आहे. पुन्हा बल्ब, पुन्हा गोधडी. बाबा एवढे उंच, पण गुडघे दुमडून आत शिरले. आई आणि मी बाहेर उभ्या. ते बाहेर येईनात. आईनं एकदा हाक मारली, तरी नाही.

मग आले. केस विस्कटलेले. बल्ब स्वतःच काढला, वायर नीट गुंडाळली.

"मंग माह्याच हातानं?"

मी हो म्हटलं. मानेनं.

"गंगाधरले माहीत आहे?"

"नाही."

"सांगजो त्याले. त्याच्या बी गिऱ्हाईकाइचं हेच होत असंल."

हे मला अपेक्षित नव्हतं. ओरडतील वाटलं होतं, नाहीतर मानणारच नाहीत.

१३ फेब्रुवारी

नवीन फिल्टर बसवला. गंगाधर मिस्त्रींनी सांगितलं, उघडायचाच नाही. फिल्टरच्या डब्याच्या खाली रबराची एक चोच असते, ती रोज दाबायची. दाबली की आतली जाड धूळ आपोआप खाली पडते. बाबांनी करून पाहिलं. मूठभर लाल पीठ भुर्रकन पडलं. त्यांना मजा वाटली, दोनदा दाबलं.

मग विचारलं, "अन् बाकी?"

बाकी काहीच नाही, बाबा. एवढंच.

१९ फेब्रुवारी

डिपस्टिकवर ऑइल जिथं होतं तिथंच! मी नाचायची बाकी होते.

२३ फेब्रुवारी

बाबांचं काहीतरी बिनसलंय. गाडी लावली, रबर दाबलं, की घरात. टीव्ही लावतात, बंद करतात. आईच्या फोडणीला नावं ठेवतात – आयुष्यात कधी ठेवली नव्हती. काल तर गल्लीत उभ्या गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसले. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर.

आईला म्हटलं, गाडी सुधारते आहे तर बाबांना आनंद का नाही? आई भाकरी थापत होती. थापतच बोलली.

"फिल्टर घेऊनच जात होते ना नरहरीकडं."

"मग आता नुसतं जावं. कोण नको म्हणतं?"

"तुह्या आज्यानं शिकवलं त्यायले. हातात काम असल्याबिगर कोणाच्या दारात बसाचं नाही. लोक उठवतात."

"कोण उठवतं आता?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "तुले नाही उठवलं कोणी. म्हणून विचारून राहिली."

मग तिनं सांगितलं. नरहरीच्या दुकानापुढं एक बाक आहे. बाबा दुसऱ्यांच्या गाड्या चालवत तेव्हा वर्षानुवर्षं तिथं भिंतीला टेकून उभे राहायचे. बाक मालक लोकांसाठी. स्वतःची गाडी घेतली, पहिल्यांदा हवा मारायला गेले, तर नरहरी म्हणाला, बैठो भैया. त्या दिवशी घरी येऊन बाबांनी हे आईला सांगितलं होतं. जेवताना एकदा, झोपताना एकदा.

मी धूळ मोजायला शिकले. हे कुठल्या चाळणीत सापडलं असतं?

२४ फेब्रुवारी

बाबांना म्हटलं, आज नाक्यावर चक्कर मारून या ना.

"बिनकामाचा?"

आणि त्यांनी टीव्ही लावला.

४ मार्च

साइटची जीप नाक्यावर टायरमध्ये हवा भरायला थांबली. नरहरीकाकांनी मला ओळखलं. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातले, मराठी घरचे, पण माझ्याशी हिंदीतच बोलतात. विचारलं, बाबूजी बीमार हैं क्या? नाराज हैं? मी फिल्टरचं सगळं सांगितलं – उघडायचा नाही, हवा मारायची नाही. सांगताना लक्षात आलं की मी त्यांच्याच धंद्याविरुद्ध बोलते आहे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठीक है, फिल्टर मत लाओ. आदमी को काहे बंद कर दिया?"

रात्री जेवताना बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी कांदा फोडला, भाजीत भाकरी कुस्करली. फोडणीला नावं ठेवली नाहीत.

२० मार्च

परवा होळी. गंगाधर मिस्त्री आले. इंजिन सुरू, ब्रीदरपुढं हात. बाबा मडगार्ड धरून उभे होते, मी आणि आई दारात. मिस्त्रींनी हात बराच वेळ धरला. मग पँटला पुसला. म्हणाले, जेवढं झिजलं ते झिजलं, पुढं झिजत नाही आहे. "मत खोलो. चलाओ."

आई आत गेली. पाहिलं तर पदर डोळ्याला. बाबा बॉनेटवर हात फिरवत होते. मिस्त्रींना म्हणाले, चहा घेऊन जा. मग माझ्याकडं बोट दाखवून, "डॉक्टर ही आहे गाडीची."

मला एकदम रडू आलं, म्हणून चहा मीच ठेवला.

२४ मार्च, सोमवार

आज गाडी लावून बाबांनी हात-पाय धुतले आणि धुतलेला शर्ट घातला. आईनं विचारलं, कुठं? नरहरीकडं. काही काम निघालं का? चपला घालता घालता म्हणाले, "काही नाही. बसाले."

मी दारातून पाहिलं. वळणापर्यंत दोन्ही हात रिकामे होते.