बटाट्याच्या करपलेल्या चार ओळी

बाबा, राऊ गावातल्या त्या शेतावर आता कॉलनी झाली आहे. तरी परवा तिथून जाताना मला धुकंच दिसलं, आणि धुक्यात पाठीला फवारणीचा पंप अडकवून बटाट्याच्या ओळींतून संथ चालणारे तुम्ही. मिल बंद होऊन तो दुसरा हिवाळा. इतकी वर्षं रंगखात्यात काढलेली, नखांच्या कडांना निळा अजून उरलेला, आणि तुम्ही एका पटेलांच्या शेतात अर्ध्या वाट्याने बटाटा लावलेला. आई म्हणायची, "ह्यांना शेतीतलं काय समजतं?" तुम्ही हसून माझ्याकडे बोट दाखवायचात. "घरात ॲग्रीकल्चर कॉलेज आहे ना."

रोपं खुजी राहिली होती, कोवळी पानं पिवळट. मी एक पान उजेडात धरलं आणि म्हटलं, जस्त कमी पडतंय, थोडं बोरॉनही लागेल, नुसत्या युरियाने भागणार नाही. बादलीत झिंक सल्फेटचे पांढरे खडे विरघळतायत आणि तुम्ही रंगाच्या टाकीकडे बघावं तसे बघत उभे आहात. "बेटा, आम्ही आधी एका चिंधीवर बघायचो. रंग धरला, की मग कापडाचं अख्खं थान बुडवायचं. चार ओळींवर मारू, थोडे दिवस थांबू." मी चिडले. "बाबा, ही मिल नाहीये. मला शिकवलंय हे." 'मिल' हा शब्द तुमच्या चेहऱ्यावरून कसा गेला, ते मी पाहिलं. तुम्ही पंप उचललात, आणि मारल्यात चारच ओळी.

तिसऱ्या दिवशी त्या चारही ओळींच्या पानांच्या कडा करपलेल्या. द्रावणात चुन्याची निवळी मिसळायची असते, तीच मी विसरले होते. बांधावर बसून रडत तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही नुसते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसलात. तेवढ्यात पटेल आले, वाकून पाहिलं. "ये क्या हो गया, बाबूजी?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मेरे हाथ से हुआ, पटेल साब. चूना डालना रह गया." पटेल म्हणाले, "बाकी संभाल के करना."

बाकीचं शेत चुना घालून फवारलं. पंधरवड्यात पानं अशी हिरवी झाली, की तुम्ही चालता चालता त्यांना हात लावायचात. काढणीला मोठे, गुळगुळीत बटाटे निघाले. पटेलांनी पुढच्या सालीही शेत तुम्हालाच दिलं, आणि माझं कॉलेज सुटलं नाही.

आता मी गावोगावच्या शेतकऱ्यांना हेच शिकवते. चुना विसरू नका, आधी थोड्यावर मारून बघा. समजावं म्हणून मिलमधून शेतीत आलेल्या एका माणसाची गोष्ट सांगते, ज्याच्या हातून चार ओळी करपल्या. लोक हसतात, मीही हसते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. बाबा, ती चूक मी अजून तुमच्याच नावावर सांगते.